अंगठा, सही आणि स्मार्टफोन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही तंत्रज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून, एवढीच आमची ओळख. मोबाईलवर बोलायचे तर अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला उभे करायला हवे होते, असे कोणी म्हणेल. परंतु कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला तो असा की, ज्यांच्या हाती स्मार्टफोन उशिरा आला त्यांनी तो आपलासा कसा करावा. या विषयाशी आमचा दुहेरी संबंध आहे. आम्ही स्वतः २०१९ सालच्या दिवाळीपर्यंत बटणाचाच फोन वापरीत होतो, त्यामुळे उशिरा शिकणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही उभे होतो. आणि काउंटरच्या अलीकडे बसून रोज पाच-दहा माणसे तरी अशी पाहतो, की जी आपला फोन काचेखालून पुढे सरकवतात आणि म्हणतात, "साहेब, तेवढं तुम्हीच करा ना."

हे "तुम्हीच करा" ऐकले की आम्हाला जुन्या काळची एक गोष्ट आठवते. ज्या खातेदाराला लिहिता-वाचता येत नसे, त्याचे खाते बँकेत अंगठ्याचे खाते म्हणून उघडले जाई. त्याच्या पासबुकावर फोटो लावलेला असे. पैसे काढायला त्याला स्वतः यावे लागे आणि अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवावा लागे. चेकबुक त्याला सहसा मिळत नसे. विथड्रॉल स्लिप कोणीतरी दुसराच भरी. स्लिपवर पाचशे लिहिले की आठशे, हे त्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. भरणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सगळा व्यवहार.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले आणि पुढे गावोगावी, वस्तीवस्तीत संध्याकाळचे वर्ग भरू लागले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाया पाटी मांडीवर घेऊन आपले नाव गिरवीत बसायच्या, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा काही जण हसायचे. म्हणायचे, या वयात नाव लिहून काय कलेक्टर होणार? परंतु ज्या दिवशी त्यातली एखादी बाई बँकेत जाऊन शाईचा पॅड बाजूला सारी आणि पेन मागून घेई, त्या दिवशी तिच्या व्यवहारातला तिसरा माणूस कमी झालेला असे. सहीचे मोल हेच. आपला व्यवहार आपण करायचा, मध्ये कोणी लागू नये.

आता आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. त्या पिढीने आणि तिच्या मागून आलेल्या पिढीने कष्टाने मिळवलेली सही आज पुन्हा धोक्यात आली आहे. ज्यांनी तीस-तीस वर्षे मस्टरवर सही केली, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही केली, तेच लोक आज फोन नातवाच्या हातात देतात आणि पिन तोंडाने सांगतात. पिन ही आजची सही आहे. ती दुसऱ्याने करायची म्हणजे आपण पुन्हा अंगठ्यावर आलो. म्हणून स्मार्टफोन शिकणे हा आम्ही हौसेचा विषय मानीत नाही.

मित्रहो, हा फोन आपल्याकडे कसा आला याकडे थोडे पाहू. आपल्या देशात मोबाईलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. सामान्य माणूस मोबाईलच्या वाटेला गेला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला. त्याला टॉर्च होती, बटणांवर रबराचे आवरण होते, धूळ आत जात नसे. जगभर हा फोन पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला. आपल्या वडीलधाऱ्यांचा हात ज्या फोनवर बसला तो हाच किंवा याच्याच जातीचा. हिरवे बटण घ्यायला, लाल बटण ठेवायला. एकदा शिकले की दहा वर्षे पाहायला नको.

मग २०१६ साल उजाडले. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये युपीआय म्हणजे फोनवरून थेट खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याची पद्धत जाहीर झाली. सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सरकारने जे पैसे पाठवण्याचे ॲप आणले, त्याचे नाव 'भीम' ठेवले गेले आणि ते ठेवताना बाबासाहेबांचे स्मरण केले गेले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा फोनवर भरल्या. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर आणि ओटीपी फोनवर. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा आमच्या काउंटरसमोर भगिनींची जी रांग लागली, तीत बहुतेकींचा प्रश्न एकच होता: आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, आणि मेसेज कोणत्या नंबरवर येतो? सांगायचे एवढेच, की स्मार्टफोन आपण मागितला म्हणून आला नाही. आपली कामेच एकेक करून त्याच्यात जाऊन बसली.

आता तो जड का जातो ते पाहू. तरुण मंडळींना वाटते की आजी-आजोबांना डोके चालवता येत नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. अडचण डोक्याआधी बोटात आहे. बटण दाबले की ते खाली जाते आणि परत वर येते, म्हणजे ते आपल्याला उत्तर देते. काच उत्तर देत नाही. म्हणून जुना माणूस ती जोरात दाबतो आणि दाबून धरतो. वास्तविक ही काच दाब ओळखतच नाही. माणसाच्या शरीरातून वीज वाहू शकते, आणि बोट टेकले की काचेखालच्या विद्युतभारात जो बारीकसा फरक पडतो तो ती ओळखते. म्हणून नखाने काम होत नाही, ओल्या बोटाने भलतेच होते, आणि आयुष्यभर कष्ट करून ज्यांच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी झाली आहे त्यांचा स्पर्श कधी कधी लागतच नाही. बरे, दाबून धरले तर फोन त्याचा अर्थ वेगळाच घेतो. चित्रे हलू लागतात, पुसू का म्हणून विचारतो. माणूस घाबरून फोन खाली ठेवतो.

याला उपाय आहे. हात धुऊन नीट पुसावेत. पिठाला हात लावून पाहावा इतपत हलकेच बोट टेकवावे आणि लगेच उचलावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तेथे बोट किती वेळ टेकले म्हणजे 'धरून ठेवले' असे समजायचे, तो वेळ वाढवता येतो. तेथेच किंवा डिस्प्लेच्या भागात अक्षरे मोठी करण्याची सोय आहे. अनेक फोनमध्ये खाली तीन बटणे दाखवायची की बोट सरकवून काम करायचे, हे निवडता येते. उशिरा शिकणाऱ्यासाठी तीन बटणे ठेवावीत. त्यातले 'मागे' जाण्याचे बटण सापडले की निम्मी भीती जाते. विद्यार्थी मित्रहो, या गोष्टी करायला पाच मिनिटे लागतात. नवा फोन घरी आला की व्हॉट्सॲप आणि फेसबुक घालून देण्याच्या आधी या करा.

दुसरी अडचण जागेची आहे. बटणाच्या फोनवर हिरवे बटण जागचे हलत नाही. येथे ते कधी दिसते, कधी दिसत नाही. आमच्या पहिल्या आठवड्यात फोन वाजत असे आणि घेता येत नसे, कारण हिरव्या गोलावर बोट टेकवून चालत नव्हते, तो वर सरकवावा लागत होता. सरकवणे हा प्रकारच आमच्या हाताला नवा होता. घरच्यांनी आतल्या खोलीतून वीस वेळा फोन करून सराव करून घेतला तेव्हा ते जमले. त्यात दुसरी युक्ती काही नाही, वीस वेळाच लागतात. नाव गिरवायलाही वीस वेळा लागतच होते. पुढे अपडेट झाले की चित्रांच्या जागा बदलतात, रंग बदलतो. आपल्या हातून काही बिघडले, असे शिकणाऱ्याला वाटते. त्याला सांगावे लागते की बिघडले काही नाही, दुकानदाराने मांडणी बदलली आहे.

तिसरी अडचण शब्दांची. फोनची भाषा मराठी करता येते आणि ती अवश्य करावी. पण नुसती मराठी करून भागत नाही. 'अनुमती द्या' हे शब्द मराठी असले तरी अनुमती कशाची, कोणाला, हे कोण सांगणार? आमची सूचना अशी की एका जाड कागदावर दहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून तो फोनच्या कव्हरात ठेवावा. अलाऊ, कॅन्सल, स्किप, अपडेट, डिलीट, फॉरवर्ड, ब्लॉक, लिंक, पिन, ओटीपी. प्रत्येकापुढे घरच्या बोलीत अर्थ. उदाहरणार्थ, 'अलाऊ म्हणजे आत येऊ देणे. ओळखीचे असेल तरच.' एवढा कागद पुष्कळ दिवस पुरतो. लिहिण्याचे म्हणाल तर आता मराठी टाइप करण्यासाठी इंग्रजी अक्षरे जुळवत बसण्याची गरज नाही. २०१७ सालापासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. बोटाने काचेवर अक्षर गिरवले तरी ते ओळखण्याची सोय आहे. पाटीवर गिरवणारा हात येथेही चालतो.

चौथी अडचण भीतीची. रेडिओला, टीव्हीला हात लावू नका, बिघडेल, असे ऐकत आपली पिढी मोठी झाली. ही भीती पूर्णपणे घालवावी असे आम्ही म्हणत नाही, कारण भीती नसलेली माणसेही आम्ही काउंटरवर पाहतो आणि त्यांची हानी जास्त होते. भीती योग्य जागी ठेवावी. फोटो पाहताना, गाणे ऐकताना, एसटीचे वेळापत्रक शोधताना चुकीचे बोट लागले तर काहीही होत नाही, मागे येता येते. मागे येता येत नाही अशी जागा मुख्यतः एकच, पिन टाकण्याची. तेथे थांबावे, चष्मा लावावा, नाव आणि रक्कम दोनदा वाचावी. इतर ठिकाणी मोकळेपणाने फिरावे.

आता आम्ही आमच्या कामाच्या विषयाकडे येतो. पंतप्रधान जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली तेव्हा घरोघरी खाती उघडली गेली. त्या वेळी पुष्कळ घरांत मोबाईल एकच होता. आईचे खाते, वडिलांचे खाते, आजीचे खाते, आणि फॉर्मवर नंबर मात्र थोरल्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा. तो नंबर आजही तसाच आहे. मुलगा कामाला पुण्याला गेला, ओटीपी त्याच्याकडे जातो. कोणाचा नंबर बंद पडला, आणि बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. म्हणजे आपल्या खात्याचा निरोप कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. युपीआय सुरू करायचे तर खात्याला जोडलेल्या नंबरचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते. म्हणून नवा फोन घेतल्यावर पहिले काम ॲप घालण्याचे नाही. शाखेत जायचे, नंबर बदलण्याचा अर्ज द्यायचा आणि आपल्या खात्याला आपलाच नंबर जोडून घ्यायचा. आधारला जोडलेला नंबरही याच वेळी तपासून घ्यावा. हे काम बँकेत विनामूल्य होते. आज येथे बसलेल्यांपैकी प्रत्येकाने घरी गेल्यावर आईच्या पासबुकावर कोणाचा नंबर आहे एवढे विचारावे. उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

येथे एका मावशींची हकीकत सांगावीशी वाटते. नाव-गाव सांगत नाही. सफाईच्या कामावरून त्या निवृत्त झाल्या, पेन्शन आमच्या शाखेत येते. त्यांच्या भाच्याने त्यांना फोन घेऊन दिला आणि युपीआय सुरू करून दिले. पिनही त्यानेच ठेवला. मावशींची अक्षरे अडखळतात, म्हणून रिचार्ज, लाईट बिल, गॅस, सगळे तोच करी. काही महिन्यांनी मावशी पासबुक भरून घ्यायला आल्या. भरलेले पासबुक उलटसुलट करीत बराच वेळ बाकावर बसल्या आणि मग काउंटरवर येऊन बोट ठेवून विचारू लागल्या, "हे दोनशे कशाचे? हे तीनशे?" दर चार-सहा दिवसांनी अशी एक रक्कम गेलेली होती. आम्ही तपासून पाहिले. सगळे व्यवहार त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच पिनने झालेले. बँकेच्या दृष्टीने ते पैसे मावशींनीच दिले होते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकांच्या जबाबदारीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा नाही असे सांगितले. परंतु ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, असेही सांगितले.

आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोराला काही करू नका." तक्रार त्यांना द्यायचीच नव्हती. मुलगाही चोर म्हणावा असा नव्हता. मावशीचा फोन मीच चालवतो, तेव्हा चार पैसे मी घेतले तर काय, इतकाच त्याचा हिशोब असावा. परंतु पेन्शनच्या पैशावर जगणाऱ्या बाईला महिनाअखेरीस ते दोनशे कमी पडत होते, आणि घरात कोणाकडे बोट दाखवायचे हे तिला समजत नव्हते. पैशापेक्षा ते दुखणे मोठे होते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मला येईल का हे?" आम्ही विचारले, आकडे येतात का? त्या म्हणाल्या, आकडे येतात, हजेरीचे आकडे मोजूनच नोकरी केली. मग काय अडले? पिन म्हणजे चार किंवा सहा आकडेच. दर गुरुवारी दुपारी गर्दी ओसरली की त्या येत आणि बाकावर बसून सराव करीत. पहिल्या दिवशी फक्त फोन उघडणे आणि बंद करणे. मग शिल्लक पाहणे. चौथ्या गुरुवारी त्यांनी स्वतः पिन बदलला. बदलताना पदर पुढे ओढून फोन झाकून घेतला आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही पण तिकडं बघा." आम्ही तिकडे पाहिले. आज त्या गॅसचे पैसे स्वतः भरतात. मोठा मजकूर आला तर अजून कोणाला तरी वाचायला सांगतात, पण पिनच्या वेळी फोन हातचा सोडत नाहीत. भाचा अजून त्यांच्याच घरी जेवतो.

या मावशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली. पेन्शनरला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून जीवन प्रमाण नावाने तो बोटाच्या ठशावर देता येतो. पण झाडू आणि फावडे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. चार-चार वेळा बोट पुसून, तेल लावून पाहावे लागते. ज्या अंगठ्यावर पूर्वी सगळा व्यवहार चाले, तो अंगठाच आता ओळख देईनासा झाला. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून हा दाखला देता येऊ लागला. चेहरा चौकटीत धरायचा आणि सांगितल्यावर पापणी मिटून उघडायची. घरबसल्या होते. फोन शिकण्याचा असाही उपयोग आहे.

आता फसवणुकीबद्दल दोन शब्द. या बाबतीत व्याख्याने पुष्कळ होतात, म्हणून आम्ही लांबण लावीत नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो. कोणी म्हणाले की पैसे पाठवतो, पिन टाका, तर ते पैसे पाठवीत नसून घेत आहे. फोनवर पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे सांगून कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारे लोक आहेत. त्याला 'डिजिटल अटक' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही रेडिओवरून याबाबत सावध केले होते. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. असा फोन सरळ ठेवून द्यावा. आणि पैसे गेलेच, तर रडत बसू नये आणि घरच्यांपासून लपवूही नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि शाखेला कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. लाजेपायी दोन दिवस गप्प बसल्यामुळे बुडालेले पैसे आम्ही पाहिले आहेत.

ज्यांना मोठा फोन नकोच आहे, त्यांनी तो घेतलाच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. साध्या बटणाच्या फोनवरून *९९# लावून शिल्लक पाहता येते, पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी युपीआय १२३पे ही सोयही आणली. बँकेत येऊन स्लिप भरून पैसे काढण्याचा हक्क तर आहेच, तो कोणी काढून घेतलेला नाही. फोन कोणता, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. आपला व्यवहार दुसऱ्याच्या बोटावर राहू नये, एवढेच पाहावे.

शेवटी विद्यार्थी मित्रांसाठी काही सूचना करतो, कारण शिकवणार तुम्हीच आहात. पहिली सूचना, शिकवताना आपले हात पाठीमागे बांधावेत. तुम्ही फोन हातात घेऊन फटाफट करून दाखवलेत की काम झाले, शिकणे झाले नाही. बोट शिकणाऱ्याचे, तोंड तुमचे. दुसरी, "सोपं आहे" हे शब्द वापरू नयेत. सोपे आहे आणि तरी मला येत नाही, म्हणजे मीच मठ्ठ, असा त्याचा अर्थ समोरच्याच्या मनात उतरतो आणि तो दुसऱ्यांदा विचारीत नाही. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट, आणि रोज त्याच वाटेने. तुम्हाला चार वाटा माहीत असतील, त्या स्वतःपाशी ठेवा. चौथी, पायऱ्या त्यांना त्यांच्या वहीत, त्यांच्या हस्ताक्षरात लिहू द्या. आणि पाचवी, पिन टाकायची वेळ आली की तोंड फिरवा. घरचे असलात तरी फिरवा. त्यातून त्यांना कळते की ही वस्तू त्यांची आहे.

मंडळाला आमची नम्र विनंती अशी की दर रविवारी एक तास, असे चार रविवार, या सभागृहात फोनचा वर्ग चालवावा. पहिल्या रविवारी फोन घेणे, करणे आणि अक्षरे मोठी करणे. दुसऱ्या रविवारी मराठीतून निरोप पाठवणे, फोटो पाठवणे. तिसऱ्या रविवारी खात्याचा नंबर, शिल्लक आणि पिन. चौथ्या रविवारी फसवणूक, १९३० आणि हयातीचा दाखला. खर्च काही नाही. चार-पाच विद्यार्थी आणि वीस खुर्च्या पुरेत. तिसरा रविवार आम्ही घेऊ, त्यासाठी आमचे नाव आजच लिहून घ्यावे. अशाच सभागृहांत, अशाच संध्याकाळी आपल्या आयांनी नाव लिहायला शिकून घेतले. तेव्हा पाट्या मंडळांनी पुरवल्या होत्या. आता पाटी ज्याची त्याच्या खिशात आहे, गिरवून घेणारा तेवढा हवा.

वर्गासाठी नावे देण्याची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. जाताना ज्येष्ठांनी आपले नाव लिहावे, आणि ते आपल्या हाताने लिहावे, एवढे सांगून आमचे दोन शब्द पुरे करतो.

सर्वांना सप्रेम जयभीम.